बैठं काम की मध्यम हालचाल?

वजन उतरवायचं मनावर घेतलं आणि कॅलरी मोजणारं अ‍ॅप फोनवर उतरवलं, की ते आधी तुमची चौकशी करतं. वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष. ही उत्तरं तोंडावरच असतात. मग येतो पाचवा प्रश्न : तुमची रोजची हालचाल किती? बैठं काम, हलकी, मध्यम की भरपूर? इथे बोट जरा अडखळतं. ऑफिसात दिवसभर खुर्चीच असते हे खरं; पण सकाळी पाऊण तास चालणं होतं, घरचं सगळं उरकावं लागतं, स्टेशनचे जिने चढावे लागतात. मग ‘मध्यम’ म्हणायला काय हरकत आहे?

किती हरकत आहे ते बघाच. समजा, ४५ वर्षांची एक बाई आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ७४ किलो. तिने ‘बैठं काम’ निवडलं, तर अ‍ॅप सांगतं : तुमचा दिवसाचा खर्च १,६२५ कॅलरी. ‘मध्यम’ निवडलं, तर २,०९९! एका टिचकीत ४७४ कॅलरींचा फरक. वजन कमी करायचं तर रोज चारशे-पाचशे कॅलरींची तूट ठेवा, असं साधारणपणे सांगतात. ती अख्खी तूट या टिचकीने गिळून टाकली. बाई बिचारी महिनाभर इमानेइतबारे आकडा पाळते, वजनकाटा जागचा हलत नाही, आणि तिला वाटतं आपल्याच शरीरात काहीतरी खोट आहे.

हा आकडा अ‍ॅपला कळतो तरी कसा? त्याने ना तुम्हाला पाहिलंय, ना तुमचं ताट. त्याच्यामागे सव्वादोनशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे आणि ती सुरू होते पॅरिसमध्ये, एका गिनीपिगपासून.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लव्हॉझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजलं, आणि तेवढ्याच वेळात त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो तेही मोजलं. मग कोळसा जाळून तेच करून पाहिलं. दोन्हीकडचा हिशेब बराचसा जुळला! श्वास घेणं हे एक सावकाश होणारं ज्वलन आहे, हे माणसाला तेव्हा उमगलं. पुढे काही वर्षांनी लव्हॉझिएने आपला सहकारी सेगाँ याच्या तोंडाला मुखवटा बसवला, त्याला पायाने पावटी दाबायला लावली आणि स्वस्थ बसलेला माणूस किती ऑक्सिजन वापरतो आणि श्रम करणारा किती, हे मोजलं. त्या प्रयोगाचं चित्र लव्हॉझिएची बायको मारी-अ‍ॅन हिने काढलंय. त्यात ती स्वतः बाजूच्या टेबलाशी बसून नोंदी करते आहे. ‘तुमची हालचाल किती?’ हा प्रश्न मोजमाप करून विचारला गेला तो तिथे. फोनमधला पाचवा प्रश्न राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसइतका जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणसालाच पेटीत बसवलं. वेस्लियन विद्यापीठातली ही पेटी म्हणजे आत खाट, खुर्ची आणि टेबल मावेल एवढी हवाबंद खोली. माणूस तिच्यात कित्येक दिवस राहायचा, एका छोट्या झडपेतून त्याला जेवण मिळायचं, आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता नळ्यांतलं पाणी वाहून न्यायचं. किती पाणी किती तापलं, यावरून त्याचा खर्च समजायचा. खाल्लेलं आणि खर्चलेलं यांचा मेळ बसला. बिस्किटाच्या पुड्यावर प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, असा जो हिशेब आजही लावतात, तो अ‍ॅटवॉटर यांच्याच कामातून आला. (आपण बोलताना ‘कॅलरी’ म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी : एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता.)

पण प्रत्येकाला पेटीत कसं बसवणार? म्हणून सूत्रं आली. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली एक सूत्र दिलं, मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी १९९० साली दुसरं. आजची बहुतेक अ‍ॅप्स हे दुसरं वापरतात, आणि ते तुम्ही पाकिटावर लिहून काढू शकाल इतकं सोपं आहे. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. आपल्या बाईचं घालून बघा : ७४० अधिक १,००० वजा २२५ वजा १६१. उत्तर १,३५४. ४९८ माणसांच्या मोजमापांवरून काढलेल्या या एका ओळीत मुंबई-पुण्यातल्या कुणाचाही आकडा बऱ्यापैकी बसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. बऱ्यापैकीच, हं. सारख्याच उंची-वजनाच्या दोन माणसांच्या खर्चात शंभर-दीडशे कॅलरींचं अंतर सहज असतं.

हे १,३५४ म्हणजे काय? दिवसभर नुसतं पडून राहिलं, बोटही हलवलं नाही, तरी होणारा खर्च. विजेच्या भाषेत मांडलं तर सुमारे ६५ वॅट. पूर्वी घरोघरी साठचा पिवळा बल्ब असायचा, साधारण तेवढा एक माणूस रात्रंदिवस जळत असतो! आणि जळतो कशासाठी? मेंदू जेमतेम दीड किलोचा, शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा, पण विश्रांतीच्या खर्चातला जवळजवळ पाचवा वाटा त्याचा. यकृताचाही साधारण तेवढाच. हृदय आणि मूत्रपिंड किलोमागे दिवसाला ४४० कॅलरी घेतात. आणि ज्यांच्यासाठी लोक जिममध्ये घाम गाळतात ते स्नायू? विश्रांतीत असताना किलोला १३. चरबी तर चार-साडेचारच. एक किलो स्नायू कमावला तरी बसल्याजागी होणारा खर्च १३ कॅलरींनीच वाढतो. स्नायू कमावण्याची कारणं दुसरी आहेत, आणि भक्कम आहेत. पण ‘स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल’ ही जाहिरात या आकड्यापुढे टिकत नाही.

आता पाचव्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅप १,३५४ ला एका आकड्याने गुणतं. बैठं काम असेल तर १.२, हलकी हालचाल १.३७५, मध्यम १.५५, भरपूर १.७२५. सगळा खेळ या गुणकाचा. मग सकाळचं पाऊण तास चालणं गुणकात किती भर घालतं? बेताच्या चालीने चालताना शरीराचा खर्च विश्रांतीच्या साधारण साडेतीन पट होतो. पण त्यातली एक पट बसून राहिली असती तरी झालीच असती, ती वजा करायला हवी. राहिले अडीच. अडीच गुणिले ७४ किलो, गुणिले पाऊण तास : सुमारे १४० कॅलरी. १,३५४ चा हा जेमतेम दहावा भाग. म्हणजे रोजच्या नेमाच्या त्या फेरीने गुणक वाढला ०.१ ने! १.२ वरून १.५५ वर पोहोचायचं तर याच चालीने रोज अडीच तासांच्या वर चालावं लागेल.

मग पायी चालणं फुकट जातं? मुळीच नाही. हृदय, रक्तातली साखर, झोप, गुडघे सगळ्यांना त्याचा उपयोग आहे. फक्त कॅलरींच्या वहीत त्याची रक्कम आपल्या अंदाजापेक्षा लहान असते. मनगटावरच्या घड्याळाचाही या बाबतीत भरवसा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळं तपासली गेली. नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या घड्याळाचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली, सर्वांत वाईटाची ९३. आणि अ‍ॅपमध्ये आधीच ‘मध्यम’ निवडून वर घड्याळातल्या व्यायामाच्या कॅलरी ‘परत मिळाल्या’ म्हणून खाल्ल्या, तर तीच फेरी दोनदा मोजली गेली.

व्यायामाच्या पलीकडेही एक हालचाल असते, जी कुणाच्याच लक्षात येत नाही. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणं, कपडे वाळत घालणं, खाली वाकून काहीतरी शोधणं, बसल्याबसल्या पाय हलवणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. १९९९ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. जास्तीचं खाणं सगळ्यांचं सारखं. पण एकाच्या अंगावर चढलेली चरबी ०.३६ किलो, तर दुसऱ्याच्या ४.२३ किलो! बारा पटींच्या आसपासचा फरक. ज्यांना चरबी कमी चढली त्यांच्यात न कळत होणारी ही चुळबुळ आपोआप वाढली होती, एकात तर रोज सातशे कॅलरींच्या घरात. त्यांनी ठरवून काही केलेलं नव्हतं. आणि याच्या उलटंही घडतं : खाणं कमी केलं की कित्येकांची चुळबुळ नकळत मंदावते. हे पाचव्या प्रश्नाच्या कुठल्या चौकोनात बसवणार?

दिवसभरात आपण एकूण किती खर्च करतो हे पेटीत न बसवता कळावं, यासाठी विसाव्या शतकाने जी युक्ती काढली ती मला सगळ्यांत देखणी वाटते. माणसाला पेलाभर पाणी प्यायला द्यायचं. हे पाणी दिसायला-चवीला नेहमीसारखंच, पण त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नेहमीपेक्षा किंचित जड जातीचे. हे जड अणू शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतात. जड हायड्रोजन बाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. दोन आठवडे अधूनमधून लघवीचा नमुना तपासायचा. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा जितका वेगाने संपला, तितका कार्बन डायऑक्साइड तयार झाला. आणि त्यावरून खर्च किती ते कळलं. तोवर तो माणूस ऑफिसला जातोय, लग्नाला जातोय, नाचतोय, झोपतोय! नेथन लिफ्सन यांनी १९५५ मध्ये ही पद्धत उंदरांवर वापरली. माणसांवर ती १९८० च्या दशकात आली, कारण तोवर माणसाला पुरेल एवढं जड पाणी फार महाग पडायचं.

कार्बन डायऑक्साइडच का मोजायचा? कारण उतरलेलं वजन बहुतांशी त्याच वाटेने जातं. २०१४ साली मीरमन आणि ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला : १० किलो चरबी पूर्ण जळाली, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाका-तोंडाने बाहेर पडतात, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. चरबी घामावाटे वितळून जाते असं आपण समजत असतो. ती खरं तर उच्छ्वासावाटे हवेत जाते.

या जड पाण्याने दोन धक्के दिले. पहिला टांझानियातून. हाड्झा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. हर्मन पॉन्ट्झर यांच्या गटाने २०१२ साली त्यांचा दिवसाचा खर्च मोजला, तर शरीराचं आकारमान लक्षात घेता तो शहरी अमेरिकन माणसाएवढाच निघाला! चालण्यावर झालेला खर्च शरीर दुसरीकडे कुठेतरी वाचवत असावं, असं पॉन्ट्झर मानतात. किती वाचवतं यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. दुसरा धक्का न्यूयॉर्कमधून. ‘आम्ही हजार-बाराशे कॅलरीच खातो, तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांना तिथल्या संशोधकांनी १९९२ साली तपासलं. त्यांचं शरीर अगदी व्यवस्थित खर्च करत होतं. त्यांनी खाणं सांगितलं होतं सरासरी १,०२८ कॅलरी, प्रत्यक्षात होतं २,०८१. ही माणसं खोटारडी नव्हती. खाल्लेलं आठवणं आणि मापात सांगणं हे माणसाच्या मनाला जमतच नाही.

मराठी स्वयंपाकघरात तर ते जमणं आणखी कठीण. पोळी किती मोठी? ३० ग्रॅम कणकेची पोळी सुमारे १०० कॅलरींची, तिच्यावर चमचाभर तूप फिरलं की १४५. सासूबाईंच्या हातची पोळी ४० ग्रॅमचीही असू शकते. आमटीला वरून घातलेली फोडणी, भाजीत पळीने पडलेलं तेल, भाताच्या मुदीवरची तुपाची धार : छोट्या चमचाभर तेलाला ४५ कॅलरी, आणि आपल्याकडे तेल अंदाजाने पडतं. दिवसाकाठी दोनशे कॅलरी अशाच वहीबाहेर राहतात.

गुणक तरी एकमताने ठरलेत का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस बघा. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी, मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीला २,१३०, जड श्रम करणाऱ्या स्त्रीला २,७२०. पुरुषासाठी, वजन ६५ किलो धरून, २,११०, २,७१० आणि ३,४७०. हे १.४, १.८ आणि २.३ या गुणकांवर उभं आहे. म्हणजे अ‍ॅपमध्ये बैठ्या माणसाचा गुणक १.२, आणि इथे १.४!

मग खरं कुणाचं मानायचं? मला सांगायचंय ते इथेच आहे : पाचव्या प्रश्नाचं उत्तर डोकं खाजवून मिळत नाही. ते तुमचं शरीर देतं, महिन्याभरात, आणि ते वाचायला फक्त एक वही आणि वजनकाटा लागतो.

आपल्या बाईने काय करावं? सुरुवातीला ‘बैठं काम’ किंवा ‘हलकी’ निवडावं आणि रोज १,५०० कॅलरींचं लक्ष्य ठेवावं. रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, वजन करावं आणि आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाचं वजन काही सांगत नाही. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, तर नुसत्या पाण्याने किलो-दीड किलो वर जातं. खाणं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं तेही बरंचसं पाणीच : शरीरात साठवलेली एक ग्रॅम साखर आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून असते, साखर वापरली गेली की ते सुटतं. म्हणून पहिला आठवडा सोडून द्यावा आणि पुढचे चार धरावेत, म्हणजे पाळीचं चक्रही एकदा पूर्ण होतं.

समजा या चार आठवड्यांत सरासरी वजन बरोबर एक किलोने उतरलं. शरीरातल्या एका किलो चरबीच्या पेशींत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. ७,७०० ला २८ दिवसांनी भागलं तर २७५. म्हणजे बाईची रोजची तूट २७५ ची होती. वहीत सरासरी १,५०० आहे, तर खर्च १,७७५. त्याला १,३५४ ने भागा. गुणक आला १.३१. सापडलं उत्तर!

आता खरी गंमत. बाई रोज फोडणीचं तेल लिहायला विसरत होती, असं धरू. २०० कॅलरी वहीबाहेर. म्हणजे खाणं १,७००, आणि खर्च १,९७५. गुणक निघतो १.४६, पोषण संस्थेच्या बैठ्या आकड्याच्या थोडा वर, सकाळची फेरी धरून जेवढा असायला हवा साधारण तेवढाच. पण बाईला याने काहीही फरक पडत नाही! तिची वही रोज सारखीच चुकते, त्यामुळे चूक दोन्ही बाजूंना येऊन आपोआप कटते. तिच्या वहीतले १,५०० म्हणजे महिन्याला एक किलो, हे तिच्या बाबतीत मोजून सिद्ध झालंय. वही अचूक नसली तरी चालेल, तिच्या सवयी सारख्या राहायला हव्यात. रविवारी लिहायचं सोडून दिलं, की मात्र हे गणित मोडतं.

महिन्याला एक किलो पुरेसा वाटत असेल तर तिने १,५०० तसेच ठेवावेत. वेग हवा असेल तर शंभर-दीडशेने कमी करावेत. बाराशेच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना, किंवा खाण्याबद्दलची भीती आणि अपराधीपणा मनात घर करून असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांशीच बोलावं.

आणखी एक. हे १,५०० कायमचे नाहीत. ‘७,७०० कॅलरींना एक किलो’ हा हिशेब महिन्या-दोन महिन्यांना चालतो. वर्षाला लावला तर फसतो, कारण वजन उतरतं तसा खर्चही उतरतो. तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल यांनी २०११ साली याचं गणित मांडलं : खाण्यात रोज २४ कॅलरींचा कायमचा बदल झाला, तर वजन अखेरीस साधारण एक किलोने बदलतं. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात होतो, जवळजवळ पूर्ण व्हायला तीन वर्षं जातात. बाईला सहा किलो कायमचे उतरवायचेत? सहा गुणिले चोवीस, १४४. तूप लावलेली एक पोळी! आज जे खाल्ल्याने वजन ७४ वर टिकून आहे त्यातून रोज तेवढं कमी झालं आणि तसंच राहिलं, तर सहा किलो जातात, मात्र तीन वर्षांच्या चालीने. मोठी तूट ठेवून ती तिथे लवकर पोहोचू शकते. पोहोचल्यावर टिकायला मात्र तेवढी एक पोळी कायमची सोडावी लागते. वाटेत दर तीन-चार किलोंनंतर चार आठवड्यांचा तोच हिशेब पुन्हा मांडायचा, कारण तोवर १,३५४ बदललेले असतात आणि १.३१ सुद्धा.